नजरेच्या टप्प्यात

आमच्या जावयाला एका जागी बसवायचं औषध अजून कुणी काढलेलं नाही. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस कसा, शांत असावा, हळू बोलणारा असावा, अशी माझी आपली समजूत. मुलीनं लग्न ठरवलं तेव्हा मी त्याच आशेवर हो म्हटलं. पहिल्याच भेटीत मी घरच्यांची चौकशी करत होते, तर या गृहस्थांनी माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, खिशातून इवलासा पेचकस काढून दांडीचा स्क्रू आवळला, काचा पुसल्या आणि चष्मा पुन्हा माझ्या नाकावर बसवला. मी अर्ध्या वाक्यात तशीच तोंड उघडं ठेवून बसलेली. मग म्हणाले, "हं, बोला आई, आता नीट दिसेल." मला राग आला होता, पण खरंच नीट दिसत होतं, म्हणून गप्प बसले.

तेव्हापासून आजपर्यंत तेच चाललंय. जेवताना उठून खिडकी बंद करतील, अर्धा घास तोंडात असताना नळाची गळती बघायला जातील, फोनवर बोलत बोलत घरभर फिरून शेवटी चपला न घालताच जिन्याखाली पोचतील. मुलगी म्हणते, "आई, तू लक्ष देऊ नकोस." अगं, लक्ष कसं देऊ नको? समोरून माणूस सारखा येतो-जातो आहे, मला चक्कर येते.

मी त्यांच्याकडेच राहते. लोक खोचून विचारतात, जावयाकडे कशा काय राहता हो? मी म्हणते, दोन वेळा जेवते आणि एकदा भांडते, तशी राहते. मी थंड पेयांच्या कारखान्यात बाटल्या बघायच्या कामावर होते. पट्ट्यावरून बाटल्या चाललेल्या, मागे पांढरा दिवा, आणि तडा गेलेली, आत कचरा राहिलेली बाटली दिसली की उचलून बाजूला ठेवायची. पापणी लवली की एखादी निसटायचीच. नोकरी सुटली, पण बघायची खोड काही सुटली नाही. घरात कुणाचं काय बिनसलंय ते मला कुणी सांगावं लागत नाही. निदान असा माझा तोरा होता.

जावयांचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. खिडकी नाही. दिवसाढवळ्याही दिवा लावायचा. वडिलांचं दुकान, वडिलांच्या हाताखाली काचा घासायला शिकले आणि तिथंच राहिले. एक उंच स्टूल, एक आरसा, भिंतीला अक्षरांचा तक्ता, वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी. समोर माणूस बसवायचा आणि त्याच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघायचं. सगळं आयुष्य त्यात. एकदा मला म्हणाले होते, "आई, मी लोकांना लांबचं दाखवतो आणि स्वतः काय बघतो, तर त्यांच्या नाकावरचे केस." मी हसले होते. पण ते हसत नव्हते.

म्हणून तो ड्रोन घरात आला तेव्हा मी फार आरडाओरडा केला नाही. चार पंख्यांचं, पोटाखाली कॅमेरा अडकवलेलं यंत्र. मी त्याला भुंगा म्हणते, कारण आवाज तसाच, आणि डोकं उठवतोही तसाच. पहिल्यांदा उडवला त्या दिवशी जावई घरी आले ते जिना चढून नाही, जिना खाऊन. हातातल्या पडद्यावर आमचं गाव वरून. घरांची छपरं, नदीचं वळण, डेपोत उभ्या असलेल्या बसगाड्या. मुलगी त्याच डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावते. तिला म्हणाले, "बघ, तुझ्या बसगाड्या कशा शिस्तीत उभ्या आहेत." ती म्हणाली, "शिस्तीत असतात कारण मी ओरडते." त्या रात्री हा माणूस जेवताना एकदाही उठला नाही. मी मनात म्हटलं, चला, काहीतरी बरं घडलं.

पण भुंगा नुसता हातात घेऊन उडवता येत नाही. नियम आहेत, आणि नियम पाळवून घ्यायला क्लब आहे, आणि क्लबात कप्तान आहेत. कप्तान हे त्यांचं टोपणनाव. आयुष्य गोदामात माल मोजण्यात गेलं, विमानात पाऊल ठेवलेलं नाही, पण घडीच्या खुर्चीवर टोपी घालून बसले की वाटतं, आकाश यांच्याच नावावर आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी जावयांना सांगितलं, "एकट्यानं उडवायचं नाही. तुम्ही पडद्यात बघणार, मग आकाशात कोण बघणार? सोबत एक माणूस हवा." मुलीला रविवारी सुट्टी नसते. जावई घरी येऊन माझ्यापुढे उभे राहिले. उभे म्हणजे आपले या पायावरून त्या पायावर. मी म्हटलं, "बाटल्याच बघायच्या ना? येते."

तर अशी मी या वयात आकाश राखायला लागले. गावाबाहेर जुन्या वीटभट्टीच्या मागं मोठं मैदान आहे, एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला झाडांची रांग आणि तिच्यालगत लोकांची फिरायला जायची पायवाट. तिथं दर रविवारी आम्ही दोघं. कप्तानांनी मला नियम शिकवले आणि पस्तावले, कारण मी ते त्यांच्याहून कडक पाळायला लागले. उडवायच्या आधी पंख्याची पाती बोट फिरवून बघायची, बारीक चीर असली तरी पातं बदलायचं. फुगलेली बॅटरी घरी ठेवायची. झाडांचे शेंडे वाकत असतील तर आपणही घरी राहायचं. माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही, रस्त्यावरून नाही, आणि मोठ्या दवाखान्याच्या दिशेनं तर अजिबात नाही, कारण तिथं गच्चीवर हेलिकॉप्टर उतरतं. ठरलेल्या उंचीच्या वर जायचं नाही. खरं विमान दिसलं, नुसतं ऐकू आलं, तरी आपण गुपचूप खाली यायचं. जावई एकदा म्हणाले, "आई, आज वारा एवढा काही नाही." मी गाडीत जाऊन बसले. नाइलाजानं तेही आले.

सगळ्यांच्या वरचा नियम मात्र एकच. भुंगा उडवणाऱ्याला तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसत राहिला पाहिजे. पडद्यावर दिसतो ते दिसणं नव्हे. क्षणभर पडद्यात बघायचं, लगेच मान वर, आकाशात तो ठिपका सापडला पाहिजे. नाही सापडला तर जवळ आणायचा. माझं काम वेगळं. मी पडद्यात डोकावायचंसुद्धा नाही. माझी नजर सतत वर, आजूबाजूला, पायवाटेवर. काय येतंय, कोण जातंय, ते तोंडानं सांगायचं. गेल्या वर्षभरात वरून गाव कसं दिसतं ते मी क्वचितच पाहिलं असेल. मला त्याचं काही वाटत नाही. बाटल्याही मी कधी प्यायले नव्हते.

सुरुवातीला जावई मान वर करायचे आणि लगेच म्हणायचे, "दिसला." आवाजात असा काही आनंद असायचा की मलाच बरं वाटायचं. मग कधीतरी ते "दिसला" उशिरा यायला लागलं. मग मधे एक प्रश्न आला. "कुठंय, आई?"

मी सांगायचे, टाकीच्या उजवीकडे. दोन उंच झाडांच्या मधे. ढगाच्या खालच्या टोकाला. ते मान फिरवत फिरवत तिथं पोचायचे आणि म्हणायचे, "हां, हां, दिसला." एकदा दोनदा झालं तर मी समजू शकते, पण दर खेपेला? मी चिडले. म्हटलं, "अहो, एवढा ढळढळीत समोर आहे. लक्ष कुठं असतं तुमचं?"

"ऊन डोळ्यावर येतं."

"ऊन पाठीमागं आहे."

"मग काय झालं, तुम्ही आहात ना सांगायला."

"माझे डोळे उसने चालत नाहीत. नियम काय आहे? स्वतःच्या."

ते हसले आणि माझा चष्मा काढायला हात पुढं केला. मी हातावर चापट मारली. तेवढ्यावर भागलं.

पण मला चैन पडेना. घरात बघायला लागले तर नको ते दिसायला लागलं. मी बाजूनं चहाचा कप पुढं केला की ते दचकायचे. "आई, अशा मांजरासारख्या येता." मी? माझ्या गुडघ्यांचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो. दुकानाच्या दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा सारखा आदळायचा, सदऱ्याला तिथं मळकट डाग पडलेला. टेबलाच्या कडेला ठेवलेला पेला पाडला, पुन्हा पाडला. गाडीचा आरसा फाटकाला घासला आणि फाटक अरुंद आहे म्हणाले. फाटक लग्नाच्या आधीपासून तेवढंच आहे. मुलगी म्हणायची, "वेंधळा आहे गं तो, पहिल्यापासून." ती म्हणते ते खरंच होतं. हा माणूस पहिल्यापासून धडपडत चालतो, त्यामुळे नवी धडपड वेगळी ओळखायची कशी? पट्ट्यावरची प्रत्येकच बाटली डगमगत असली तर तडा गेलेली कशी शोधणार?

मी मुलीपाशी विषय काढला. ती ड्युटीवरून येऊन पाय पाण्यात सोडून बसली होती. म्हटलं, "त्यांना नीट दिसत नाही असं मला वाटतं." ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, चष्मेवाला आहे तो." जणू चष्मेवाल्याचे डोळे कारखान्यातून हमी घेऊन येतात. तरी तिनं विचारलं त्यांना. जावई म्हणाले, "मी दर महिन्याला माझे डोळे तपासतो. तक्त्याची शेवटची ओळ खडखडीत वाचतो. गावात किती जणांना वाचता येते ती?" आणि उठून फ्रीजच्या मागं काय आवाज येतोय ते बघायला गेले.

मुलीचं समाधान झालं. माझं झालं नाही. नुसती घरभर फिरत राहिले, आता जावयांची जागा मीच घेतली होती. मला तक्त्यातलं कळत नव्हतं. शेवटची ओळ वाचणाऱ्या माणसाला डोळे नाहीत असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? आणि तरी आत काहीतरी टोचत होतं. रविवारी येत नाही म्हणावं, तर क्लब त्यांना एकट्याला उडवू देणार नाही, आणि त्यांचं तेवढंच एक सुख. मी गेले. आता वाटतं, जायलाच नको होतं. मग पुन्हा वाटतं, गेले नसते तर काय झालं असतं?

त्या रविवारी हवा स्वच्छ होती, शेंडे स्थिर होते. कप्तान खुर्ची मांडून बसलेले. जावयांनी पाती तपासली, मी पुन्हा तपासली. भुंग्याच्या रिमोटवर एक बटण आहे, घरी ये असं सांगणारं. काही गडबड झाली तर ते दाबायचं, तो जिथून उडाला तिथं आपोआप परत येतो. पण सरळ येत नाही. वाटेत झाडाला अडकू नये म्हणून आधी उभ्या उभ्या वर चढतो, सगळ्यात उंच झाडाच्याही वर, आपण ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत, आणि मगच वळतो. ती उंची जावयांनी नीट लावली होती. त्यांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती.

भुंगा झाडांच्या रांगेवरून पायवाटेच्या पलीकडं गेला आणि तिकडच्या पडीक रानावर फिरायला लागला. जावई पडद्यात रमले होते. मी वर बघत होते, आणि मला तो आवाज आला. लांबून, जड, धपधप. दवाखान्याचं हेलिकॉप्टर. अजून दिसत नव्हतं.

"हेलिकॉप्टर," मी म्हटलं. "खाली घ्या. जवळ आणा आणि खाली घ्या."

त्यांनी मान वर केली. टाकीकडे बघितलं. भुंगा टाकीकडे नव्हताच.

"तिकडे नाही. माझ्या हाताकडे बघा." मी हात लांब करून दाखवत होते. अगदी त्यांच्या शेजारी उभी होते मी, हात त्यांच्या खांद्याजवळून पुढं गेलेला. त्यांना तो हातही दिसला नाही. अंधारात पडलेली किल्ली टॉर्चनं शोधावी तशी त्यांची मान फिरत होती, इथून तिथं, वर, पुन्हा इथं. झाडांवरून हेलिकॉप्टर वर आलं, आमच्याच बाजूला. जावयांनी ते घरी ये म्हणणारं बटण दाबलं.

भुंगा वर चढायला लागला.

"वर चाललाय. वर नाही, थांबवा, वर चाललाय." मी त्यांचा दंड धरून हलवला. तिकडून कप्तानही उठून ओरडत येत होते. जावयांनी ते रद्द केलं आणि भुंगा खाली आणायची रिमोटची दांडी दाबून धरली. आता ते फक्त पडद्यात बघत होते. कॅमेरा समोर वळवलेला होता, पडद्यात खालचं दिसत नव्हतं. आणि भुंगा एव्हाना वळून पायवाटेवर आला होता. खाली एक बाई बाबागाडी ढकलत चाललेली.

मला पळता येत नाही. डॉक्टरांनी जिना चढायलाही मना केलंय. मी पळाले. तोंडानं काय म्हणत होते कोण जाणे, बाईनं मान वळवून बघितलं, वर बघितलं, आणि बाबागाडी हिसडा देऊन मागं ओढली. भुंगा बाबागाडीच्या पुढच्या चाकाशी, हातभर अंतरावर उतरला. उतरला कसला, आपटला. आडवा झाला, पाती दगडांवर खडखडली आणि एक तुकडा उडून माझ्या हाताला लागला. बाही फाटली, थोडं रक्त आलं. वरून हेलिकॉप्टर गेलं, त्याच्या वाऱ्यानं सगळी झाडं हलली. आत कुणीतरी आजारी असणार. त्यांना आमचं काही कळलंही नसेल.

जावई पळत आले. पायवाटेच्या कडेला गुडघ्याएवढे सिमेंटचे खांब आहेत, गाड्या आत येऊ नयेत म्हणून. चांगले पांढरे रंगवलेले. जावई त्यातल्या एकावर आदळून दोन्ही हातांवर पडले. तसेच उठले आणि मातीचे हात घेऊन बाईसमोर उभे राहिले. बाई खाली बसली होती, एक हात बाबागाडीवर. मूल झोपेतून उठलंही नव्हतं. तिनं वर बघून विचारलं, "तुम्हाला दिसत नाही का?"

रागानं माणूस असं म्हणतोच. मी शंभरदा म्हटलं असेल, चष्म्याची थट्टा करत करत म्हटलं असेल. पण या खेपेला मी त्या पांढऱ्या खांबाकडे बघितलं. जावई माफी मागत राहिले, एकसारखी, तेच तेच शब्द. कप्तानांनी खांबापाशी पडलेला रिमोट उचलून स्वतःकडे ठेवला. नेहमीसारखं भाषण दिलं नाही. एवढंच म्हणाले, "हे वर कळवावं लागेल. तोवर उडवायचं नाही." आणि माझ्याकडे बघितलं. जावयांचं खांबावर आदळणं त्यांनीही बघितलं होतं.

आम्ही गाडीत येऊन बसलो. जावयांनी माझ्या हाताला रुमाल बांधला, घट्ट, मग सैल, मग पुन्हा घट्ट. नुसतं बोलत होते. वाऱ्याचा झोत आला होता, बटण दाबायला नको होतं, एवढं माहीत असून कसं दाबलं, घाई झाली. त्यांचा गुडघा सारखा हलत होता, सगळी गाडी त्यानं थरथरत होती. मग त्यांनी किल्ली लावायला हात पुढं केला आणि मी ती त्यांच्या हातातून घेतली.

"किल्ली कशाला?"

"तुम्ही चालवायची नाही."

"आई, मला घाबरल्यासारखं झालंय, पण गाडी चालवता येते."

"तुम्हाला दिसत नाही."

"पुन्हा तेच. परवाच वाचलीय शेवटची ओळ. तुम्ही या दुकानात, आत्ता वाचून दाखवतो."

"तक्ता भिंतीवर एका जागी असतो," मी म्हटलं. "भुंगा एका जागी असतो का? ती बाई एका जागी होती का?"

मी आणखी काहीतरी बोलणार होते, जिभेवर पुष्कळ होतं. पण मला दुकानातलं एक आठवलं. वयस्कर गिऱ्हाईक आलं की जावई समोरासमोर बसतात, म्हणतात माझ्या नाकाकडे बघा, आणि दोन्ही बाजूंनी, कानाच्या मागून, बोट हलवत हलवत हळूहळू पुढं आणतात. बोट दिसलं की सांगा. बहुतेक लोक लगेच सांगतात, बोट कानापासून जरासं पुढं आलं की लगेच. मग जावई हसून म्हणतात, छान.

"तुमची बोटांची तपासणी कुणी केली कधी?"

"माझी? माझी कोण करणार?"

"मी करते. माझ्या नाकाकडे बघा."

त्यांनी मोठा श्वास घेतला, सासूचा हट्ट पुरवायचा म्हणून वळून बसले. नाकाकडे बघायला लागले. मी दोन्ही हात त्यांच्या कानांमागं नेले आणि बोटं हलवायला सुरुवात केली.

कानांपुढं आणली. काही नाही. कानशिलाशी आणली. ते माझ्या नाकाकडे अगदी इमानदारीत बघत होते, शाळेतल्या मुलासारखे. डोळ्यांच्या कोपऱ्यांपाशी आणली. मला ती स्वच्छ दिसत होती, दोन्ही बोटं, वेड्यासारखी हलणारी.

"करा ना सुरू, आई," ते म्हणाले.

मी बोटं आणखी पुढं आणली. आता ती गालांच्या पुढं, माझ्या आणि त्यांच्या मधोमध येत चालली होती. जन्मात कुणाला काही सांगायला मी अडखळले नाही, लोक माझ्या तोंडाला घाबरतात. आणि आता मी नुसती बोटं हलवत राहिले.

"कधी करताय?" ते म्हणाले आणि कानशील खाजवायला त्यांनी हात वर नेला. तो माझ्या बोटावर आपटला.

त्यांनी ते बोट चाचपलं. धरलं. डोळे अजून माझ्या नाकावरच. मग मान थोडी वळवली आणि बोट बघितलं.

"हे कधीपासून आहे इथं?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं.

त्यांचा गुडघा हलतच होता. मग ते बोलले, गिऱ्हाइकांना समजावतात त्याच समजूतदार आवाजात. "कडेचं आधी जातं. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, काही नाही. समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणूस तक्ता वाचत राहतो. गेलं ते परत येत नाही. उरलेलं राखता येतं, थेंब घालून. वेळेवर गेलं तर." थोडं थांबून म्हणाले, "लोकांना सांगून सांगून माझा घसा बसलाय, आई. चाळिशीनंतर डॉक्टरकडे जाऊन दाब बघून घ्या. सगळ्यांना सांगतो मी."

"तुम्हाला वाटलं होतं," मी म्हटलं.

"कधीतरी. मग तक्ता वाचायचो." त्यांनी अजून माझं बोट सोडलं नव्हतं. "मला भीती वाटते."

मलाही वाटत होती. मी तसं म्हटलं. दुसरं काय म्हणणार, खोटा धीर द्यायला मी कधी शिकले नाही. बाहेर कप्तान खुर्चीची घडी करत होते. ती बाई बाबागाडी घेऊन लांब निघाली होती, मधेच थांबून मुलाच्या तोंडावरचं कापड सारखं करत होती.

"आई," ते समोरच्या काचेतून सरळ बघत म्हणाले, "माझ्या त्या बाजूला आत्ता काय काय आहे?"

मी सांगायला लागले. खिडकी आहे. उघडी आहे. बाहेर गवत, मग ते पांढरे खांब, एकाला तुमच्या बुटाचा डाग पडलाय. पायवाटेवर कुत्रं झोपलंय. त्याच्या पलीकडं ती बाई, आता वळणावर पोचली.

ते ऐकत होते. मान वळवून बघता आलं असतं, पण त्यांनी वळवली नाही.

"आणि या बाजूला?"

"या बाजूला मी आहे," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "उतरा आता. बसनं जायचंय."